सिंहासनाचा मागचा डावा पाय

३ ऑगस्ट, रविवार

पयलं खरं सांगून टाकतो. म्हेंद्राच्या काळ्या अंगरख्यात खाजकुयली मी टाकली. गेल्या थंडीत वढ्याकडनं गोळा करून डबीत भरून ठेवली व्हती, कवा लागंल सांगता येत न्हाई म्हणून. आज लागली.

हे मी हातानं लिवत न्हाई. मी बोलतो आन् फोन टाइप करतो. दहावीला मराठीत काठावर निघालेला माणूस मी, हातानं लिवलं तर मलाच वाचता यायचं न्हाई. ही डायरीबी माझ्या हौसेची न्हाई, सुलक्षणाचं फर्मान हाय. सुलक्षणा म्हंजी आमच्याच गावची, शिरूरला कॉलेजात एम्. ए. करती. ह्या साली गणपतीतला आमच्या मंडळाचा जिवंत देखावा तिनं लिवलाय आन् बसवतीया बी तीच. म्हणली, "प्रत्येकानं आपल्या पात्राची डायरी ठेवायची. पात्राला काय पाहिजे, कशासाठी पाहिजे. मी वाचायला मागणार नाही."

जिवंत देखाव्यात माणसं खरी असत्यात, आवाज न्हाई. आवाज आदीच स्टुडिओत भरून आणायचा, स्टेजवर नुसतं तोंड हलवायचं. दर साली आमचा देखावा म्हंजी दारूबंदी न्हाईतर पाणी वाचवा. ह्या साली सुलक्षणानं राक्षस आणला. काजळराज. त्याला जगातल्या सगळ्या सावल्या पायजेत. ज्याची सावली त्याच्या रांजणात गेली, त्यो त्याचा गुलाम. आन् त्याचं सिंहासन लाकडाचं न्हाई, जित्या गुलामांचं.

काजळराज नाव ऐकलं आन् मी थेट म्होरं सरकलो. घरात आबा, म्हंजी माझे वडील, मला काजळीच म्हणत्यात. "एका घरात दिवा बी माझाच आन् काजळी बी माझीच." दिवा म्हंजी धाकटा, पृथ्वीराज. बारावी सायन्स, डॉक्टर होणार. काजळी म्हंजी मी, मल्हारी. रांजणगावच्या कंपनीत कंत्राटावर, पॅकिंगला. तर हा रोल माझाच व्हता. नावच माझं व्हतं!

आन् आवाजात तर मला गावात जोड न्हाई. गेल्या साली देवळाच्या भोंग्यावरनं सरपंचांच्या आवाजात पुकारलं व्हतं, की उद्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या म्हशी फोटोला ग्रामपंचायतीपुढं आणाव्यात. निम्म्या गावाच्या म्हशी आल्या. काहींच्या शिंगांना रिबिनी व्हत्या.

गेल्या रविवारी निवड झाली. मी असा हसलो राक्षसावानी, की मंडपाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सुलक्षणा म्हणली, "हसतोस छान. आता सांग, ह्याला राज्य कशाला पाहिजे?"

मी म्हणलो, "राज्य कुणाला नगं असतंय? खुर्ची रिकामी दिसली की बसायचं."

पोरं हसली. ती न्हाई हसली. म्हेंद्रा तिकडं कोपऱ्यात लायटिंगच्या माळंचा गुंता सोडवत बसला व्हता. त्यानं हात सुदिक वर केला नव्हता. तिनं त्यालाच इचारलं. त्यो माळेकडं बघतच म्हणला, "मला न्हाई म्हाइत. पर एवढं सगळं लागतंय म्हंजी आदी कायतरी साधंच न्हाई मिळालं आसंल."

झालं. म्हेंद्रा काजळराज. पयलीपास्नंचा माझा दोस्त, एका बाकावर बसून एका डब्यातलं खाल्लेला.

आन् मी? सिंहासन. त्यातबी आख्खं न्हाई. आमी चौघं रांगत्यावानी वाकायचं, पाठीवर फळी, त्यावर ह्यो बसणार. म्होरच्या दोन पायांची तोंडं तरी लोकांना दिसत्यात. मी मागचा डावा. माझ्यावर काळं कापड.

म्हणून खाजकुयली. आज तालमीत म्हेंद्रा अंगरखा घालून वाक्य बोलाया लागला आन् सुरू झाला. गळा खाजवतोय, पाठ खाजवतोय, शेवटी भुईवर लोळाया लागला. मी कापडाखाली तोंडात रुमाल कोंबला. तेवढ्यात सुलक्षणा वरडली, "थांबू नको! हेच! सावल्या आतनं कुरतडताहेत त्याला!"

आता ती तडफड देखाव्यात कायमची बसली. हप्ताभर पोरं म्हेंद्राला "काय तडफडलास गड्या" म्हणत टाळ्या देत्याल.

घरी जाताना हापशीवर त्यो हात धूत व्हता. मला म्हणला, "मल्ह्या, डबीतली संपली का हाय अजून?"

मी म्हणलो, "कसली डबी?"

१० ऑगस्ट, रविवार

तालमीला बबनकाका रोज येत्यात. म्हेंद्राचं वडील. एस्टीत ड्रायव्हर हायेत, ड्यूटी उतरली की खाकी कपड्यातच येऊन बसत्यात, संगं चहाची किटली. ते बुद्धाला मानणारं, त्यांच्या घरी गणपती बसत न्हाई. काका म्हणत्यात, "आरती तुमची, नाटक सगळ्यांचं." आन् मोबाइल धरून पोराचं शूटिंग करत्यात. तालमीचं! ज्यात त्यो आजून चार वेळा चुकतोय त्याचं!

चौकातला एक जण आबांचं नाव घेऊन मला म्हणला, "मारुतरावाचं पोरगं खाली आन् बबन्याचं वर? शोभतंय का हे?"

मी म्हणलो, "मग तुमी या की वर बसाया. पर तुमचं वजन चार पायांना पेलायचं न्हाई, चौदा लागत्याल."

माझं जे काय हाय ते म्हेंद्राशी हाय. त्यात बाहेरच्यानं हात शेकू नये.

तर आज त्यो बसला, दोन्ही हात पसरून "ही धरती माझी" म्हणला, आन् मी हळूच पाठ खाली घेतली. फळी कलली. काजळराज थेट रांजणात. ढोपर फुटलं.

मला वाटलं आता तरी सुलक्षणा म्हणंल ह्याला बसता बी येत न्हाई. तर ती नाचायचीच राहिली. "शेवट सापडला! सिंहासनच बंड करतं! ज्यांच्या पाठीवर बसला तेच पाठ काढून घेतात!"

म्हंजी माझी खोडी बी त्याच्याच खात्यावर जमा. मी इचारलं, "मग बंड करणाऱ्या पायाचं तोंड दावायचं का लोकांना?" ती म्हणली, "नको, मागचा पाय आहे तो. उगाच लक्ष जातं."

बबनकाका किटली टाकून पळत आले. एवढा मिशा फुटलेला घोडा, आन् बाप त्याच्या ढोपरावर फुंकर मारत व्हता. मला हसू आलं. म्हंजी यायला पायजे व्हतं.

१३ ऑगस्ट

लाइट गेली. आबा रोजच्यावानी पृथ्वीजवळ चार्जिंगचा दिवा धरून बसले. त्याचा पेपर हाय म्हणं उद्या. त्यानं मान वर केली आन् म्हणला, "दादा, हरीण कर की."

लहानपणी लाइट गेली की मी भितीवर हातानं हरीण करायचो, सावलीचं. कान हलवायचो, उडी मारायला लावायचो. पृथ्वी पोट धरून हसायचा. आज केलं. शिंगं बी जमली.

आबा म्हणले, "हात काढ. सावली पडती त्याच्या पुस्तकावर."

तवा बी हेच म्हणायचे. शब्द बी बदलत न्हाईत.

काजळराजाची डायरी म्हेंद्रानं काय लिवली आसंल? त्याला काय म्हाइत?

१७ ऑगस्ट, रविवार

छोट्या हत्ती टेंपोत बसून सगळी टोळी दौंडला. स्टेशनच्या पल्याड स्टुडिओ हाय, भितींना अंड्याचे ट्रे चिकटवलेले. म्हेंद्रानं आपली वाक्यं भरली. "मी काजळराज! मला सगळं जग हवं! हा हा हा!" शाळंत प्रतिज्ञा म्हणल्यावानी म्हणला. मशिनीवरचा माणूस बी म्हणला, "ठीके, चालतंय, पाठीमागं ढगांचा आवाज टाकू."

ढग टाकून काय व्हतंय? ज्याला कदी कुणी 'हात काढ' म्हणलं न्हाई, त्यो ढग घालून किती गरजणार?

सिंहासनाचा आवाज बी भरला. "आऽऽ". त्यो बी चौघांनी मिळून, एका माइकवर.

येताना काष्टीला वडे खाल्ले. म्हेंद्रानं आपल्यातला अर्धा माझ्या कागदात टाकला, नेहमीसारखा. मी खाल्ला. वड्यावर राग न्हाई.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळा आवाज बसवून तयार झाला, दौंडला जाऊन पेनड्राइव्ह कुणी आणायचा? सुलक्षणा म्हणली, "मल्हारी जाईल, त्याच्याकडं गाडी आहे." विश्वास म्हणून न्हाई, गाडी म्हणून.

आता काजळराजाच्या मोठ्या भाषणाची फाइल येगळी हाय, चार नंबरची. डोक्यात आलं, तीच काढायची आन् आपली घालायची. सरपंचांच्या आवाजात, मधी शेळीचं बें बें. परीक्षकांम्होरं म्हेंद्रा हात पसरणार आन् तोंडातनं शेळी निघणार! परीक्षक म्हंजी तालुक्याच्या देखावा स्पर्धेचे. येक तारखेला येणार हायेत, देखाव्याचा पयला खेळ बी त्याच राती.

आवाज घुमायला पायजे म्हणून मळ्यातल्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरलो, वरनं झाकण ओढलं. शेळी एक नंबर झाली. माझं मलाच हसू आवरंना.

मग म्हणलं, भरलीच हाय टाकी आपल्या आवाजानं, तर खरं भाषण बी एकदा करून बघू. नुसतं हौस म्हणून. लोकांना कळलं नसतं तरी टाकीला कळलं असतं, काजळराज कसा असतोय ते. "मी काजळराज" म्हणलो. पुढची वाक्यं पाठ व्हती. पर ती आलीच न्हाईत. दुसरीच यायला लागली. कुठनं आली म्हाइत न्हाई. बाहेर आलो तवा तोंड ओलं व्हतं. टाकीत लई उकडतंय.

दोन्ही फायली फोनमधी हायेत. नावं न्हाईत, नुसते आकडे.

२६ ऑगस्ट

पेनड्राइव्ह साउंडवाल्या रखमाजीमामांच्या हातात दिला. चार नंबर बदललाय. उद्या गणपती बसणार. झोप न्हाई. बिचारा म्हेंद्रा, लोक त्याला जल्मभर शेळी म्हणत्याल.

पर त्यानं हात तरी वर करायचा व्हता निवडीच्या दिवशी. मी गुडघ्यावर येऊन मागत व्हतो, आन् त्याला न मागता.

१ सप्टेंबर, सोमवार

काय झालं ते नीट सांगतो.

मैदान गच्च. म्होरं खुर्च्यांवर परीक्षक, बाजूला बबनकाका मोबाइल धरून. आन् त्यांच्या मागं आबा! पृथ्वीनं ओढून आणलं व्हतं. आबा कदी येत न्हाईत, सावल्याबिवल्या त्यांना पोरखेळ वाटत्यात.

पडदा सरकला. तीन फायली नीट झाल्या. तडफडीला टाळ्या पडल्या. मग म्हेंद्रा सिंहासनावर बसला आन् चार नंबर सुरू झाली. मी कापडाखाली दात दाबून शेळीची वाट बघतोय.

शेळी आली न्हाई. आकडे बघताना घाईत चुकीची फाइल गेली व्हती. चुकीचीच गेली. मी मुद्दाम कशाला घालीन?

भोंग्यातनं माझा आवाज आला, टाकीतला:

"मी काजळराज. राज्य घेऊन मी काय करू? मला राज्यातलं काय कळतंय? पर सिंहासनावर बसलं की सगळ्यांना वर बघाया लागतंय, मनात नसलं तरी. माझा बाप दिवा धरून धाकट्याच्या उशाला बसायचा. मी भितीवर हरीण करायचो. धाकटा हसायचा. बाप म्हणायचा, हात काढ, सावली पडती. एकदा तरी म्हणला असता, हरीण झ्याक झालं रं. मी सगळं राज्य तितंच टाकलं असतं. न्हाई म्हणला. मग मी म्हणलं, सावलीच पडती न्हवं माझी? मग पडू दे. सगळ्या जगावर पडू दे."



म्हेंद्राला ह्यातलं एक वाक्य म्हाइत नव्हतं. तोंड काय हलवणार? त्यानं हलवलंच न्हाई. तोंड झाकून घेतलं एका हातानं. लोकांना वाटलं रडतोय. दुसरा हात त्यानं मागं आणला आन् कापडावरनं माझ्या डोक्यावर ठेवला. आख्खं भाषण सरस्तवर तसाच ठेवला. तोल जात आसंल, आधाराला धरलं आसंल.

मग बंडाची वेळ आली. मी पाठ काढायची व्हती. माझ्याच्यानं निघंना. बाकी तिघांनी काढली आन् त्यो पडला, पर माझ्या अंगावर.

टाळ्या किती येळ पडल्या म्हाइत न्हाई. कापडातनं बघितलं, आबांची जागा रिकामी. मधीच उठून गेले. आवडलं नसंल.

२ सप्टेंबर

पयला नंबर आमचा. येगळी ढाल, उत्कृष्ट अभिनय, म्हेंद्राला.

माझा आवाज, माझं हरीण, आन् ढाल त्याची! बबनकाका ती ढाल एस्टीत घेऊन फिरत्याल आता, कंडक्टरला दावत. बाया म्हणत्यात, "म्हेंद्राचा आवाज काय वं, काळजात घुसतोय." मी शेजारीच उभा. माझ्या हातात गुंडाळलेलं कापड.

रखमाजीमामांनी मंडपात सगळ्यांना धरलं. "माझ्या पेनड्राइव्हला हात कुणी लावला? आवाज येगळा, भाषण येगळं! देखावा बंद पडला असता तर मंडळाची अब्रू गेली असती. पुढच्या साली त्या माणसाला मंडपात पाय ठेवू देणार न्हाई."

सुलक्षणा बी म्हणली, "हे मी लिहिलेलंच नाही. माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण कुणाचं आहे?"

मी तोंड उघडणार व्हतो. खरंच उघडणार व्हतो. सगळ्यांना सांगून टाकावं, ढाल आणा हिकडं. पर मग आबांना कळणार, त्यो बाप कोण. चारचौघांत त्यांची मान खाली. तोंड उघडलं तसंच मिटलं.

म्हेंद्रा म्हणला, "मी बदललं, मामा. मला मागनं सुचलं. परत जाऊन भरून आणलं."

"आन् आवाज?"

"सर्दी झालती."

मामा त्याला लई बोलले. त्यो खाली बघून ऐकत व्हता. बघा, काय चलाख हाय! शिव्या खाल्ल्या, पर भाषण बी नावावर करून घेतलं. सुलक्षणा त्याच्याकडं अशी बघत व्हती, की मला वाटलं, डबीत थोडी शिल्लक हाय का बघावं.

जाताना मला म्हणला, "पुढच्या साली तू वर बस. मी पाय होतो."

मी म्हणलो, "मला कुणाची भीक नगं."

"भीक न्हाई रं," म्हणला. "तुझं वजन कमी हाय."

७ सप्टेंबर, रविवार

काल इसर्जन झालं. मंडप उतरवला. रांजण रखमाजीमामांच्या म्हशीला पाणी प्यायला गेला.

सहा दिवस आबा माझ्याशी नीट बोलले न्हाईत. म्हंजी शिव्या बी न्हाईत. काजळी बी न्हाई म्हणले. जेवताना माझ्या ताटाकडं बघत्यात, मी बघितलं की दुसरीकडं. मला वाटलं कंपनीतनं काय तक्रार आली का काय. परवा पृथ्वीला हळूच इचारत व्हते, "ते हरणाचं... त्यो कान कसा हलवतोय?" मला बघून गप झाले. ह्या वयात ह्यांना हरीण कशाला पायजे?

आज सकाळी पृथ्वी वट्यावर पुस्तक घेऊन बसला व्हता, आबा शेजारी. ऊन नुकतंच समोरनं आलेलं. रविवार असून कंपनीत जादा ड्यूटी व्हती, मी चप्पल घ्यायला त्याच्या म्होरं गेलो, तर माझी सावली बरोब्बर त्याच्या पुस्तकावर. सवयीनं बाजूला झालो.

आबा म्हणले, "हुभा ऱ्हा तितंच."

मी म्हणलो, "सावली पडती त्याच्या पुस्तकावर."

"पडू दे," म्हणले. "ऊन लागतंय त्याला."

बघा! आदी काजळी, आता छत्री. दिव्याला ऊन लागू नये म्हणून ह्या घरात मी जल्माला आलोय. पृथ्वी हसत व्हता आन् आबा पुस्तकावरच्या माझ्या सावलीकडं बघत व्हते, डोळ्यात काय गेलं व्हतं कुणास ठाऊक, सारखे पुसत व्हते. वट्यावर धूळ लई झालीय.

तर आता हात जोडून सांगतो. माझा फोन हरवला, कुणाला घावला आन् त्यानं हे वाचलं, तर आई शपथ, कुणाला बोलू नगा. डबीचं सांगायचं तर सांगा. फळी मी पाडली ते बी सांगा. पर त्यो आवाज कुणाचा व्हता ते आबांना सांगू नगा, त्यांना काय बी म्हाइत न्हाई. म्हेंद्राला सांगू नगा की त्याचा हात आजून माझ्या डोक्यावर हाय आसं वाटतंय, त्यो उगाच डोक्यावर बसंल. रखमाजीमामांना तर अजिबात न्हाई.

आन् चप्पल पायात असून, कंपनीची गाडी हारन वाजवून निघून गेली तरी, त्या उन्हात मी किती येळ हुभा व्हतो, ते कुणालाच सांगू नगा. पाया पडतो.